लिंकन हिल्स: कोठडी बंद झाली, तिची कामं कोणाकडे गेली?

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या उत्तर भागात अर्मा नावाच्या खेड्याजवळ लिंकन हिल्स स्कूल आहे. नावात स्कूल असलं तरी आहे ते मुलांचं बंदिगृह, 1970 साली सुरू झालेलं. 2011 मध्ये राज्यानं पैसे वाचवायचे म्हणून मिलवॉकीच्या बाजूचं ईथन ॲलन स्कूल आणि मुलींचं सदर्न ओक्स ही दोन्ही बंदिगृहं बंद केली आणि तिथली मुलं-मुली अर्माला हलवली. मुलींच्या भागाला कॉपर लेक हे नाव मिळालं. मुलं बहुतेक मिलवॉकी शहरातली, त्यातही कृष्णवर्णीय जास्त. घर गाडीनं साडेतीन तासांवर. सांभाळणारी माणसं आसपासच्या ग्रामीण भागातली, बहुतेक गोरी.

त्याच वर्षी राज्यात ॲक्ट 10 हा कायदा आला आणि सरकारी नोकरांच्या संघटनांचा वाटाघाटीचा हक्क जवळजवळ संपला. राज्यभर अनेक जुन्या कर्मचाऱ्यांनी निवृत्तीचे अर्ज दिले. ही गोष्ट इथल्या मुलांना एकेकटं कोठडीत कोंडण्याच्या, म्हणजे एकांतवासाच्या, चर्चेत सहसा येत नाही. मला ती सुरुवातीलाच सांगायची आहे, कारण पुढचं सगळं माणसं किती होती आणि किती मुरलेली होती यावरच येऊन थांबतं.

जानेवारी 2017 मध्ये अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनची विस्कॉन्सिन शाखा आणि जुवेनाइल लॉ सेंटर या हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थांनी मुलांच्या वतीनं फेडरल, म्हणजे केंद्रीय, न्यायालयात दावा लावला. दाव्यात म्हटलं होतं की कुठल्याही दिवशी पाहिलं तर शेकडा 15 ते 20 मुलं एकांत कोठडीत असतात. दिवसाचे 22-23 तास आत. बाहेर काढलं तरी अनेकदा हातकड्या घालून टेबलाला बांधलेलं. शिक्षा 60 दिवसांपर्यंत जाऊ शकत होती आणि 14 वर्षांची पोरंही तिथे होती. त्याच्या जोडीला पेपर स्प्रेचा सढळ वापर. जुलै 2017 मध्ये न्यायाधीश जेम्स पीटरसन यांनी अंतरिम आदेश काढला: शिस्तीसाठी कोठडी जास्तीत जास्त सात दिवस, तीही आठवड्याला किमान 30 तास बाहेर काढून, स्प्रे आणि साखळदंडांवर कडक मर्यादा. 2018 मध्ये दोन्ही बाजूंच्या संमतीचा कायम आदेश आला आणि शिक्षा म्हणून कोठडी हा प्रकार संपवायचं ठरलं. आदेश पाळला जातोय का ते बघायला स्वतंत्र निरीक्षक नेमला गेला.

कायद्याची बाजू एवढीच. तिच्यावर भरपूर लिहिलं गेलंय. मी हे प्रकरण वाचतो ते प्रशिक्षणाच्या अंगानं. एका सकाळी कामावर आलेल्या माणसाला सांगितलं जातं की काल जी किल्ली फिरवत होतास ती आज फिरवायची नाही. मग त्यानं करायचं काय? या प्रश्नाचं उत्तर सहसा 'डी-एस्कलेशनचं, म्हणजे भडकलेला प्रसंग निवळवण्याचं, ट्रेनिंग देऊ' असं मिळतं. उत्तर चूक नाही, पण फार तोकडं आहे.

जरा शब्दाबद्दल. मराठीत एकांत हा चांगला शब्द आहे. माणूस एकांत मागून घेतो, शोधत जातो. त्यामुळे 'एकांतवास' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात शिक्षेची धार थोडी बोथट होते. इंग्रजीतही हेच होतं. बंदिगृहांत या खोलीला कधी 'सेपरेशन' म्हणतात, कधी 'रिफ्लेक्शन', कधी नुसतंच 'रूम टाइम'. संयुक्त राष्ट्रांच्या 2015 च्या नेल्सन मंडेला नियमांनी व्याख्या तासांत बांधून टाकली ते बरं झालं: दिवसाचे 22 किंवा जास्त तास, माणसाशी अर्थपूर्ण संपर्काशिवाय. मुलांसाठी तर 1990 च्या हवाना नियमांनी, त्यातल्या 67 व्या कलमानं, ही शिक्षा आधीच निषिद्ध ठरवली होती. कर्मचाऱ्यांच्या वर्गात मात्र मी व्याख्येपासून सुरुवात करणार नाही. त्यांच्याच संस्थेत त्या खोलीला काय म्हणतात ते फळ्यावर लिहायला सांगेन. फळा भरला की चर्चा आपोआप सुरू होते.

आता मुद्द्यावर येतो. कोठडी ही शिक्षा आहे असं धरून चाललं तर प्रशिक्षण फसतं, कारण कुठल्याही बंदिगृहात कोठडी एकच काम करत नसते.

पहिलं काम डोळ्यांना दिसणारं: मारामारी चालू आहे, दोघांना वेगळं करायचंय. दुसरं काम शिक्षेचं. पण शिक्षा कोणासाठी, हे विचारायला हवं. एखाद्या मुलानं कर्मचाऱ्याच्या अंगावर लघवी फेकली तर बाकीचे कर्मचारी वरिष्ठांकडे बघत असतात: आमच्या माणसाचं काय? कोठडीची पावती फाटली की त्यांना वाटतं दखल घेतली. म्हणजे कोठडी कर्मचाऱ्यांना न्याय मिळाल्याची जाणीव देत होती. तिसरं काम, मार खाणाऱ्या दुबळ्या मुलाला सुरक्षित ठेवायचं. बिचाऱ्याला संरक्षण म्हणून तीच शिक्षा. चौथं, जिवाचं बरंवाईट करून घेईल अशी भीती असलेल्या मुलाला 'नजरेखाली' ठेवायचं. पाचवं काम कुठल्याच नियमावलीत लिहिलेलं नसतं: शिफ्टला माणसं कमी आहेत, सगळ्यांना आत घाला. आणि सहावं कोणी कबूल करणार नाही. सलग दुसरी शिफ्ट ओढणाऱ्या माणसाला दहा मिनिटं बसायचं असतं, आणि बंद दार ती दहा मिनिटं देतं.

दाराला कुलूप लावलं की ही सहाही कामं एका फटक्यात होतात. म्हणून ते इतकं सोयीचं. त्यावर बंदी आली की सहाही कामं उघड्यावर पडतात आणि 'शांतपणे बोलून परिस्थिती निवळवा' हे प्रशिक्षण त्यातल्या पहिल्या कामाला, फार तर तिसऱ्याला पुरतं.

चौथ्या कामाबद्दल तर आकडेच बोलतात. अमेरिकेच्या न्याय खात्याच्या बालन्याय विभागानं 2009 मध्ये एक राष्ट्रीय पाहणी प्रसिद्ध केली. 1995 ते 1999 या काळात कोंडलेल्या मुलांच्या 110 आत्महत्या त्यात नोंदल्या गेल्या आणि 79 प्रकरणं तपशिलात अभ्यासली गेली. त्यातली साधारण निम्मी मुलं मृत्यूच्या वेळी खोलीत कोंडून ठेवलेली होती. जपण्यासाठी म्हणून जी खोली, तिथेच. कॉपर लेकमध्येही नोव्हेंबर 2015 मध्ये एका मुलीनं आपल्या खोलीत गळफास लावून घेतला. ती वाचली, पण मेंदूला कायमची इजा झाली. राज्याला 2018 मध्ये 1 कोटी 89 लाख डॉलरची तडजोड करावी लागली.

अंतरिम आदेशानंतरचे महिने लिंकन हिल्समध्ये वाईट गेले. मुलं छपरावर चढली. ऑक्टोबर 2017 मध्ये एका मुलानं शिक्षिकेला ठोसा मारून बेशुद्ध पाडलं. कर्मचाऱ्यांनी जाहीरपणे म्हटलं की न्यायालयानं आमचे हात बांधले आणि पोरांना ते कळलंय. ही तक्रार हसण्यावारी नेणाऱ्यांत मी नाही. आदेशात तातडीचा धोका असलेल्या मुलाला तेवढ्यापुरतं वेगळं करायला बंदी नव्हती, हे खरं. पण आदेशाचा मजकूर वकिलांना कळणं वेगळं आणि रात्री अकरा वाजता कॉटेजमध्ये, म्हणजे मुलं राहतात त्या इमारतीत, एकट्या असलेल्या माणसाला 'आता मी नेमकं काय करू शकतो' हे कळणं वेगळं. त्याच्यापर्यंत पोहोचतं ते एवढंच: आता कोंडता येत नाही. मुलांपर्यंतही तेवढंच पोहोचतं. साधन काढून घेतलंय, नवं अजून हाताला बसलेलं नाही, असा हा मधला काळ सगळ्यात घातक असतो, आणि त्याची तयारी बंदी येण्याआधी करावी लागते. लिंकन हिल्समध्ये ती झाली नव्हती, कारण संस्था बदलायला स्वतःहून निघालेली नव्हती. तिला कोर्टानं ओढलं होतं.

गंमत म्हणा किंवा खेद म्हणा, त्याच राज्यात या प्रश्नाचं उत्तर बावीस वर्षांपासून उभं होतं.

मॅडिसन शहरात मेंडोटा मानसोपचार रुग्णालयाच्या आवारात 1995 मध्ये मेंडोटा जुवेनाइल ट्रीटमेंट सेंटर सुरू झालं. चालवायचं आरोग्य खात्यानं. मुलं यायची ती राज्याच्या बंदिगृहांनी हात टेकलेली: जी सतत कोठडीतच असायची, ज्यांच्यावर कशाचाच परिणाम होत नाही असा शेरा मारलेला असायचा. वर्षानुवर्षं तिथे जेमतेम तीस मुलांची सोय होती. कुलपं तिथेही होती, सुरक्षाही कडक होती. फरक माणसांत आणि त्यांच्या सवयीत होता. बंदिगृहाच्या मानानं कर्मचारी जास्त, मानसशास्त्रज्ञ रोज वॉर्डात, आणि वॉर्डाचा रोजचा कारभार पहारेकऱ्यांऐवजी परिचारिका आणि उपचार करणाऱ्यांच्या हाती.

तिथले मानसशास्त्रज्ञ मायकेल कॉल्डवेल आणि संचालक ग्रेगरी व्हॅन रायब्रोक यांनी या पद्धतीला 'डीकॉम्प्रेशन' असं नाव दिलं. म्हणजे दाब कमी करत नेणं. मुलगा उद्धटपणा करतो, संस्था शिक्षा देते. शिक्षेनं तो अजून चवताळतो, संस्था शिक्षा वाढवते. प्रत्येक फेरीत त्याचं जग आक्रसत जातं आणि शेवटी त्याच्याकडे गमावण्यासारखं काहीच उरत नाही. कोठडीत साठ दिवस काढलेल्या मुलाला कशाची भीती घालणार? मेंडोटानं हे चक्र उलटं फिरवलं. मुलगा जितका बिथरलेला, तितका माणसांचा वावर जास्त. काल ज्यानं तोंडावर थुंकलं त्याच्या दाराशी आज सकाळी पुन्हा कोणीतरी जायचं, दारातून का होईना बोलायचं.

त्याला जोड होती 'टुडे-टुमॉरो' नावाच्या साध्या हिशेबाची. आज कसा वागलास त्यावर उद्याच्या सवलती. बस. आजचा दिवस पार वाया गेला तरी परवासाठी पाटी कोरी. हा हिशेब मला फार आवडतो, कारण तो मुलाइतकाच कर्मचाऱ्यालाही शिस्त लावतो. साठ दिवसांची शिक्षा देणारा माणूस मुलाला साठ दिवस विसरू शकतो. उद्याच्या सवलतीचा गुण भरणाऱ्याला रोज त्याच्याकडे बघावंच लागतं. डूख धरून ठेवायला तक्त्यात रकानाच नाही.

निकाल? मेंडोटात उपचार घेतलेल्या आणि नेहमीच्या बंदिगृहांत राहिलेल्या तशाच मुलांची तुलना झाली, तेव्हा सुटकेनंतर हिंसक गुन्ह्यांचं प्रमाण मेंडोटाच्या मुलांत जवळपास निम्म्यानं कमी आढळलं. 2006 च्या खर्च-लाभ अभ्यासात खर्चलेल्या प्रत्येक डॉलरमागे सात डॉलरहून जास्त परत आल्याचं दिसलं. एवढं असूनही लिंकन हिल्सनं मेंडोटाकडे पाहिलं ते अवघड मुलं पाठवायची जागा म्हणून. तिथून शिकून यावं, हे कोणाच्या मनात आलं तरी कामात उतरलं नाही. एकच राज्य, त्याच मुलांची ये-जा, आणि दोन खात्यांच्या मधली भिंत! सरकारी कारभार जवळून पाहिलेल्या कुणालाही यात आश्चर्य वाटणार नाही.

मग प्रशिक्षणात शिकवायचं काय? इथे थोडं थांबतो, कारण 'डी-एस्कलेशन' हा शब्द आता इतका गुळगुळीत झालाय की त्याच्या आत काय असतं ते कोणी बघत नाही.

एक सराव सांगतो. दोघांना उभं करायचं. एकानं मुलाची भूमिका घ्यायची: त्याचा घरी करायचा फोन रद्द झाला, लाइन बंद आहे असं कारण मिळालं, त्यानं खुर्ची आडवी केली आणि आता तो भिंतीला पाठ लावून उभा आहे. दुसरा कर्मचारी. बाकीचे प्रशिक्षणार्थी म्हणजे कॉटेजमधली इतर मुलं. बहुतेक नवखे काय करतात? सरळ समोर जातात, हातभर अंतरावर थांबतात, आवाज चढवतात आणि म्हणतात, शांत हो. तीन चुका पाच सेकंदांत. समोरासमोर उभं राहणं म्हणजे आव्हान. हातभर अंतर म्हणजे पहिला फटका कोणाचा एवढाच प्रश्न. आणि 'शांत हो' म्हटल्यानं आजवर कोण शांत झालंय? त्यातून दोन सहकारी मदतीला धावतात आणि तिघं एकदम बोलू लागतात.

दुसरी फेरी. आधी प्रेक्षक हलवायचे: दुसऱ्या कर्मचाऱ्यानं बाकीच्यांना तिथून न्यायचं, कारण पंधरा वर्षांचा मुलगा बघणाऱ्यांसमोर माघार घेत नाही. बोलणारा एकच. अंतर दोन हातांहून जास्त, अंग किंचित तिरकं, तळवे दिसतील असे. दाराच्या चौकटीत उभं राहायचं नाही. वाट अडली की घाबरलेला मुलगा माणसावरूनच वाट काढतो. आवाज त्याच्यापेक्षा खाली. एक वाक्य बोलायचं, तेही वस्तुस्थितीचं: 'फोन झाला नाही, कळलं मला.' आणि गप्प बसायचं. हे गप्प बसणंच सगळ्यात अवघड. मी भिंतीवरचं घड्याळ बघायला सांगेन. वीस सेकंद माणसाला तासाएवढी वाटतात. मग दोनच पर्याय, दोन्ही खरे, दोन्ही आपल्याला चालणारे: इथेच बसूया की अंगणात जाऊया. फोन उद्या लावून देण्याचं वचन द्यायचं ते लावून देणं आपल्या हातात असेल तरच. या कामात खोट्या वचनाइतकं महाग काही नाही.

हा सराव एकदा करून भागत नाही. अंगात भिनायला महिने जातात, आणि त्या महिन्यांत शिफ्टप्रमुखाला प्रत्येक प्रसंगानंतर दहा मिनिटं माणसांना बसवून विचारावं लागतं: ठिणगी कुठे पडली, कोणाच्या लक्षात आली, त्या वेळी काय करता आलं असतं? मारामारीची सुरुवात बहुतेक वेळा मारामारीच्या दोन तास आधी झालेली असते. जेवणाच्या रांगेत कोणीतरी काहीतरी बोललेलं असतं. मुलांमध्ये वावरणाऱ्याला ते कळतं, काचेमागच्या टेबलावर बसलेल्याला कळत नाही. म्हणून चांगल्या प्रशिक्षणातला मोठा भाग भडका उडाल्यावर काय करावं याचा नसतोच, टेबल सोडून मुलांत बसण्याचा असतो. पत्ते खेळा, जेवताना त्यांच्या टेबलावर बसा. हे ऐकून जुने कर्मचारी नाक मुरडतात. त्यांना वाटतं आपल्याला आया बनवायला निघालेत. त्यांच्याशी वाद न घालता मी एवढंच विचारेन की गेल्या महिन्यातले तंटे कोणी आधी ओळखले होते. नावं बहुधा मुलांत बसणाऱ्यांचीच निघतात.

आणि तरीही मुलाला वेगळं करावं लागेल असे प्रसंग येणारच. तिथे नियम असा हवा की दार लागतानाच उघडायची अट ठरलेली असावी. मुलांसाठी काम करणाऱ्या ॲनी ई. केसी फाउंडेशनच्या बंदिगृह मानकांनी ही मर्यादा चार तासांवर आणली आणि स्पष्ट लिहिलं की शिक्षा, सोय, सूड किंवा माणसं कमी असणं ही कारणं चालणार नाहीत. डिसेंबर 2018 च्या फर्स्ट स्टेप कायद्यानं फेडरल ताब्यातल्या मुलांसाठी आणखी घट्ट मर्यादा घातली: दुसऱ्याला इजा होण्याचा तातडीचा धोका असेल तर तीन तास, धोका फक्त स्वतःच्या जिवाला असेल तर तीस मिनिटं. शिवाय आधी सौम्य उपाय करून बघायचे, आणि का कोंडतोय व कधी सोडणार ते मुलाला सांगायचं. फेडरल ताब्यात मुलं अगदी मोजकी असतात, त्यामुळे कायद्याची थेट सावली लहान. पण प्रशिक्षकासाठी तो सोन्यासारखा आहे, कारण कामाची पायरी-पायरी त्यात लिहिलेली आहे. मुलाला कारण सांगणं हा कायद्यानं सक्तीचा भाग झाला की 'त्याला काय सांगायचं' हे शिकवावंच लागतं.

नोंदवहीबद्दलही एक. दर पंधरा मिनिटांनी दाराशी जाऊन नोंद करायची असते. एखाद्या वहीत 11:00, 11:15, 11:30, 11:45 अशी घड्याळाला लाजवेल इतकी अचूक वेळ रात्रभर दिसली, तर ती वही शिफ्टच्या शेवटी एका बैठकीत भरलेली आहे असं समजावं. खऱ्या वहीत 11:02, 11:14, 11:31 असं असतं आणि शेजारी काहीतरी खरडलेलं असतं: पाणी मागितलं, रडतोय, झोपला. नव्या माणसाला हे दोन कागद शेजारी ठेवून दाखवले की तासाभराच्या व्याख्यानाचं काम होतं.

लिंकन हिल्समध्ये 2018 च्या आदेशानंतर यातलं बरंच हळूहळू आलं. मानसिक आघात समजून वागण्याचं प्रशिक्षण आलं, भावना आवरण्याची कौशल्यं शिकवणारी डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी मुलांसाठी आणि कर्मचाऱ्यांसाठीही आली. पेपर स्प्रे बंद झाला. शिक्षेची कोठडी कागदावरून गेली आणि बऱ्याच अंशी प्रत्यक्षातूनही. पण निरीक्षकाच्या अहवालांत एक गोष्ट वर्षानुवर्षं परत परत येत राहिली: माणसं नाहीत म्हणून मुलं खोलीत. याला 'ऑपरेशनल' कारण म्हणतात. मुलानं काहीच केलेलं नाही, शिफ्टला कोणी आलं नाही एवढंच. यादीतलं पाचवं काम. दार बंद झाल्यावर आत बसलेल्या मुलाला कागदावरचं कारण काय आहे यानं काय फरक पडणार?

इथे प्रशिक्षणाची हद्द संपते. फेडरल नियमांनुसार अशा बंदिगृहांत जागेपणी आठ मुलांमागे एक आणि झोपेच्या वेळी सोळांमागे एक कर्मचारी लागतो. मागच्या शिफ्टचा माणूस सक्तीनं थांबवून हा आकडा कागदावर गाठता येतो, पण सोळाव्या तासाला उभ्या असलेल्या माणसाला वीस सेकंद गप्प बसायला कोणतंही प्रशिक्षण शिकवू शकत नाही. उलटं चक्रही तितकंच खरं आहे: माणसं कमी म्हणून मुलं आत, आत म्हणून ती चवताळलेली, चवताळलेली म्हणून हल्ले, हल्ल्यांमुळे माणसं नोकरी सोडतात. मेंडोटाचा डीकॉम्प्रेशनचा सिद्धांत मुलांसाठी मांडला गेला. तो कर्मचाऱ्यांनाही जसाच्या तसा लागू पडतो असं मला वाटतं. प्रशिक्षणाचा आराखडा करण्याआधी मी त्या संस्थेचा शनिवार रात्रीचा ड्यूटी चार्ट मागेन तो यासाठीच.

जून 2024 मध्ये सगळ्यात वाईट घडलं. एका सोळा वर्षांच्या मुलानं महिला कर्मचाऱ्यावर हल्ला केला. मध्ये पडलेल्या समुपदेशकाला त्यानं ठोसा मारला, समुपदेशक डोक्यावर पडला आणि दुसऱ्या दिवशी रुग्णालयात मरण पावला. लिंकन हिल्समध्ये पुन्हा तोच वाद पेटला, या वेळी एका माणसाचा जीव गेलेला असताना. काही आमदारांनी आणि कर्मचाऱ्यांनी मागणी केली की आदेश सैल करा, कोठडी आणि स्प्रे परत द्या. आदेश बदलला गेला नाही.

या मृत्यूचा वापर करून कोठडीच्या बाजूनं किंवा विरुद्ध वकिली करायला माझं मन धजत नाही. पण अभ्यास म्हणून एक विचारावंच लागतं. शिक्षेची कोठडी हल्ला झाल्यावर वापरतात. तो ठोसा तिनं अडला असता का? अडवायचा असता तर तो त्याआधीच्या काही मिनिटांत, कदाचित काही तासांत. तिथे किती माणसं होती, मुलाची त्या दिवसाची अवस्था कोणाला ठाऊक होती, पहिल्या हल्ल्यानंतर कोणी कुठे उभं राहायचं हे आधी ठरलं होतं का, हे प्रश्न उपयोगाचे. आणि त्याच वेळी यादीतलं दुसरं कामही डोळ्यांआड करता येत नाही. सहकारी गेल्यावर दुसऱ्या दिवशी कामावर येणाऱ्यांना न्याय झाल्याची जाणीव कशानं मिळणार? गुन्हा दाखल होणं हा एक भाग. जखमी माणसाला पगारी रजा, परत येताना नीट आधार, आणि हल्ला करणाऱ्या मुलाबरोबर पुढे कसं वागायचं हे ठरवताना त्याच्याच सहकाऱ्यांना बैठकीत जागा, हा दुसरा भाग. कोठडी बंद करा म्हणणाऱ्यांच्या बाजूला मी आहे, पण आमच्या बाजूच्या लिखाणात हा दुसरा भाग पानाच्या तळाला दोन ओळींत उरकलेला असतो. कर्मचारी त्या दोन ओळी बरोबर वाचतात.

2025 मध्ये निरीक्षकानं पहिल्यांदाच नोंदवलं की आदेशाच्या सगळ्या कलमांची पूर्तता झाली आहे. दाव्यापासून मोजलं तर आठ वर्षं. 2018 च्या राज्य कायद्यानं हे बंदिगृह 1 जानेवारी 2021 पर्यंत बंदच करायचं ठरवलं होतं. ती तारीख कधीच मागे पडली. मिलवॉकीत 32 मुलांसाठी नवी जागा उभी करण्याचं काम हाती घेतलं गेलं आहे. तिथे आईबापांना साडेतीन तास गाडी चालवत यावं लागणार नाही, आणि कर्मचारीही मुलांच्याच शहरातून घेता येतील. जाहिरातीत शिफ्ट किती तासांची लिहितात आणि पहिल्या दिवशी वॉर्डात पाठवण्याआधी किती आठवडे शिकवतात, ते मला बघायचंय.